चार मिनिटांत फेटाळलेल्या निवेदनाविषयी: मंडळाच्या आणि मंदिर समितीच्या सभासदांना खुले पत्र

सन्माननीय अध्यक्ष, विश्वस्त आणि सभासद बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यातील सर्वसाधारण सभेत, जमाखर्च मंजूर झाल्यानंतर आणि बटाटेवडे बाहेर येण्याआधी, एका निवेदनाचा विषय निघाला होता, हे आपल्याला आठवत असेल. आपल्या काउंटीतील दोन चर्च, एक सिनेगॉग आणि एक बौद्ध विहार यांनी मिळून ते तयार केले आहे आणि त्यावर आपल्या मंदिर समितीची सही मागितली आहे. सायकेडेलिक, म्हणजे मनाची आणि जाणिवेची अवस्था बदलणाऱ्या, गुणधर्मांच्या वनस्पती उपासनेत तीर्थासारख्या घेणाऱ्या धर्मसंस्थांना कायदेशीर मान्यता देण्याची जी पद्धत अमेरिकी सरकारने ठेवली आहे, ती स्पष्ट नियमांची आणि ठरावीक मुदतीची असावी, एवढीच त्यातील मागणी आहे. आपण ते चार मिनिटांत फेटाळले. "देवाच्या नावाने नशा करणाऱ्यांच्या बाजूने आपण कशाला उभे राहायचे?" असे एक ज्येष्ठ सभासद म्हणाले आणि सभागृहात हशा पिकला. त्या हशात मीही सामील होतो, हे आधीच कबूल करतो. त्यानंतर तीन आठवडे या विषयाचे कागद वाचत बसलो आणि माझे मत बदलले. ते का बदलले, हे सांगण्यासाठी हे पत्र.

मी कोण आहे हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, तरी या विषयापुरते सांगतो. मी ३१ वर्षे न्यू जर्सीत फार्मसिस्ट म्हणून काम केले. नियंत्रित औषधांचे कुलूपबंद कपाट, त्याची किल्ली, त्याची नोंदवही, मोजणीत ऑक्सिकोडोन या व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकाची एक गोळी कमी भरली म्हणून रात्री साडेदहापर्यंत दुकानात थांबून कचऱ्याची पिशवी उपसणे, हे सारे मी केले आहे. ड्रग एन्फोर्समेंट अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे डीईए, या खात्याच्या डायव्हर्जन विभागाचे, म्हणजे औषधे चोरट्या बाजारात वळू नयेत हे पाहणाऱ्या विभागाचे, तपासनीस येऊन वही उघडायला सांगत, तेव्हा मला त्यांचा राग येत नसे. त्या गोळ्यांनी माझ्या ओळखीची दोन घरे उद्ध्वस्त झालेली मी पाहिली आहेत. तेव्हा हे पत्र अमली पदार्थांविषयी हळव्या झालेल्या माणसाचे नाही. ज्या चहाविषयी मी लिहिणार आहे, तो मी कधी घेतलेला नाही आणि घेणारही नाही.

तो चहा म्हणजे आयाहुआस्का. ब्राझीलमधील 'उनियाव दो वेजिताल' या पंथात त्याला होआस्का किंवा नुसते 'वेजिताल' म्हणतात. जोसे गाब्रिएल द कोस्ता नावाच्या, रबराच्या झाडांचा चीक काढून पोट भरणाऱ्या एका मजुराने बोलिव्हियाच्या सीमेलगतच्या जंगलात २२ जुलै १९६१ रोजी हा पंथ स्थापन केला. त्याची शिकवण ख्रिस्ती आहे आणि तिच्यात पुनर्जन्मही आहे. महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी रात्री सभासद जमतात, प्रत्येक जण पेलाभर चहा घेतो आणि पुढचे सुमारे चार तास खुर्चीवर बसून उपदेश ऐकण्यात, गुरूंना प्रश्न विचारण्यात आणि शांत राहण्यात जातात. चहाची चव कडू असते आणि पुष्कळांना उलटी होते. मौजेसाठी माणूस जे काही करतो, त्यात हे बसवणे मला तरी जमलेले नाही.

या चहाचे रसायन औषधविक्रेत्याच्या नजरेने पाहिले तर विलक्षण आहे. तो दोन वनस्पतींपासून होतो. त्यातील चाक्रोना हे झुडूप कॉफीच्या कुळातील आहे आणि त्याच्या पानांत डीएमटी हे द्रव्य असते, जे अमेरिकी कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे अमली पदार्थांच्या सर्वांत कडक यादीत, येते. पण नुसती पाने उकळून प्यायली तर फारसे काही होत नाही, कारण आतडी आणि यकृत यांतील एक विकर (एन्झाइम) डीएमटीचे तुकडे करून टाकते. दुसरी वनस्पती म्हणजे मारीरी ही वेल. ती आपल्या सह्याद्रीतील माधवीलतेच्या कुळातील आहे आणि तिच्यातील हार्मिन व हार्मलिन ही द्रव्ये त्या विकराला रोखून धरतात, त्यामुळे पानांतील डीएमटी मेंदूपर्यंत पोहोचते. अॅमेझॉनच्या जंगलात हजारो वनस्पतींमधून ही जोडी कोणी आणि कशी शोधून काढली असेल, याचा विचार मी अजून करतो. याच कारणाने हा चहा काही माणसांसाठी खरोखर धोक्याचा आहे. नैराश्यावरच्या अनेक प्रचलित गोळ्यांसोबत तो घेतला तर शरीरात सेरोटोनिन हे मेंदूचे संदेशवाहक रसायन घातक पातळीपर्यंत चढू शकते. हृदयविकार असलेल्यांनी आणि ज्यांच्या घराण्यात तीव्र मानसिक आजार आहेत त्यांनी त्याच्यापासून दूरच राहावे. हा मुद्दा मी लपवणार नाही आणि निवेदनानेही लपवू नये.

आता सांता फेची गोष्ट. न्यू मेक्सिकोतील या शहरात त्या पंथाची अमेरिकी शाखा होती आणि साऱ्या देशात मिळून तिचे सुमारे १३० सभासद होते. २१ मे १९९९ रोजी कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनी ब्राझीलहून आलेला सुमारे ३० गॅलन चहा जप्त केला. कोणावर खटला भरला नाही, पण पुन्हा मागवाल तर भरू, असे बजावले. पंथाने २००० साली सरकारविरुद्ध दावा दाखल केला. १९९३ चा धर्मस्वातंत्र्य पुनर्स्थापना कायदा हा त्या दाव्याचा आधार होता.

हा कायदा कुठून आला, हे मला स्वतःला ठाऊक नव्हते. ऑरेगन राज्यात एका व्यसनमुक्ती केंद्रातील दोन समुपदेशकांनी नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या विधीत पेयोटी हे निवडुंग घेतले, म्हणून त्यांना कामावरून काढले आणि बेकारी भत्ताही नाकारला. १९९० साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. कायदा सर्वांना सारखाच लागू असेल, तर त्याने एखाद्याच्या उपासनेवर गदा आली तरी राज्यघटना आड येत नाही, असे न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी लिहिले. त्या निकालाने ख्रिस्ती, ज्यू, उदारमतवादी, सनातनी असे सगळेच हादरले आणि संसदेने जवळजवळ एकमुखाने नवा कायदा केला. सरकारने एखाद्याच्या प्रामाणिक धर्माचरणावर मोठा भार टाकला, तर त्यामागे अत्यावश्यक हित आहे आणि ते साधण्याचा याहून सौम्य मार्ग नाही, हे सरकारनेच सिद्ध करावे, असे तो सांगतो. १९९७ च्या एका निकालानंतर तो केंद्र सरकारपुरताच उरला, हे खरे. पण डीईए हे केंद्राचेच खाते आहे.

सांता फेच्या खटल्यात सरकारने पंथाची श्रद्धा प्रामाणिक असल्याचे मान्य केले होते. त्याचे म्हणणे तीन गोष्टींवर उभे होते: सभासदांच्या आरोग्याला धोका, चहा बाहेर बाजारात जाण्याची भीती आणि १९७१ चा मनोप्रभावी द्रव्यांचा आंतरराष्ट्रीय करार. जिल्हा न्यायालयाने दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ ऐकले आणि पहिल्या दोन मुद्द्यांवर तराजू समतोल राहिला, असे नोंदवले. सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची होती, त्यामुळे समतोल तराजू म्हणजे सरकारची हार. २१ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ० असा निकाल पंथाच्या बाजूने दिला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या निकालपत्रातील एक जागा कोणत्याही सरकारी कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला ओळखीची वाटेल. तुम्हाला सूट दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल, म्हणून कोणालाच नाही, हे नोकरशाहीचे जुने ठेवणीतले उत्तर आहे, अशा आशयाचे ते लिहितात. नेटिव्ह अमेरिकनांना पेयोटीची सूट कित्येक वर्षे मिळतच होती आणि तिने काही आभाळ कोसळले नव्हते, याकडेही न्यायालयाने बोट दाखवले.

इथवर वाचून मलाही वाटले होते की प्रश्न सुटला. तसे नाही. हा निकाल त्या एका पंथाचा. त्यासारख्या दुसऱ्या कोणालाही सूट हवी असेल, तर त्याने डीईएकडे अर्ज करायचा. २००९ साली त्या खात्याने या अर्जांविषयी मार्गदर्शिका काढली आणि पुढे ती सुधारली. खरी अडचण या कागदात आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो.

अर्जदाराने आपली श्रद्धा प्रामाणिक आहे हे दाखवायचे, विधी कसा होतो, पदार्थ किती आणि कुठून येतो हे सविस्तर लिहायचे. पण सूट आणि नोंदणी हाती येईपर्यंत तो विधी करायचा नाही, कारण तोवर तो गुन्हाच आहे. म्हणजे आचरण दाखवावे तर गुन्ह्याची कबुली होते आणि आचरण थांबवावे तर श्रद्धा कच्ची ठरते. पाण्यात उतरू नका, पण पोहता येते याचा दाखला आणा, अशातली ही गत आहे. शिवाय उत्तर किती दिवसांत मिळेल, याची कोणतीही मुदत त्यात नाही. गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या, संसदेसाठी सरकारी कारभार तपासणाऱ्या संस्थेने मे २०२४ मध्ये यावर अहवाल दिला. २०१६ पासून जानेवारी २०२४ पर्यंत २४ अर्ज आले होते आणि त्या काळात एकालाही सूट मिळाली नव्हती. निर्णयाला मुदत ठरवा आणि श्रद्धा कोणत्या निकषांवर तपासता ते अर्जदारांना सांगा, अशी शिफारस त्या संस्थेने केली. म्हणजे ज्या मागणीला आपण हसलो, जवळपास तीच मागणी सरकारच्याच तपासनीसांनी आधी केलेली आहे.

हे अर्ज जातात कुठे, हे वाचल्यावर मी चष्मा काढून पुसला. ते जातात डायव्हर्जन कंट्रोल विभागाकडे, म्हणजे ज्या विभागाचे लोक माझ्या कपाटातील गोळ्या मोजायला येत त्यांच्याकडे. ते आपल्या कामात तरबेज आहेत. नोंदवहीतील खाडाखोड त्यांना दहा फुटांवरून दिसते. पण एखाद्याची भक्ती खरी की खोटी, हे ठरवण्याचे शिक्षण त्यांना कोणी दिले? आपल्या मंदिरात सत्यनारायणाच्या पूजेत प्रसाद न घेता उठलेला माणूस भाविक आहे की नाही, यावर आपल्यातच दोन मते पडतात. ते ठरवण्याचे काम उद्या अबकारी खात्याच्या निरीक्षकाकडे दिले, तर आपल्याला चालेल का?

म्हणून ज्यांच्याकडे वकिलाला द्यायला पैसे आहेत, ते अर्ज न करता न्यायालयात जातात. ऑरेगनमधील अॅशलंडच्या सांतो दाइमे या, हाच चहा घेणाऱ्या, पंथाच्या शाखेला २००९ साली न्यायालयातूनच दिलासा मिळाला. ॲरिझोनातील चर्च ऑफ द ईगल अँड द कॉन्डर या संस्थेचा चहा २०२० मध्ये जप्त झाला, तिने २०२२ मध्ये दावा लावला आणि २०२४ मध्ये सरकारने तडजोड करून तिला सूट दिली. ती संस्था ख्रिस्ती नाही, हे मुद्दाम लक्षात आणून देतो. युटामध्ये सिलोसिबिन हे सायकेडेलिक द्रव्य असलेले मशरूम घेणाऱ्या एका छोट्या संप्रदायाला २०२५ मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी राज्याच्या नव्या धर्मस्वातंत्र्य कायद्याखाली तात्पुरते संरक्षण दिले. हे निकाल चांगलेच आहेत, पण धर्माचरणाचा हक्क वकिलाच्या फीवर अवलंबून असणे मला रुचत नाही. ज्या गटाकडे ती फी नाही, तो लपूनछपून विधी करतो, आणि लपून केलेल्या विधीत कोणी बेशुद्ध पडले तर ॲम्ब्युलन्स बोलवायला लोक कचरतात. फार्मसिस्ट म्हणून मला सगळ्यात जास्त भीती याची वाटते.

आता आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या आक्षेपाकडे येतो. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. धर्माची पाटी लावून धंदा करणारे आहेतच. फ्लोरिडात ऑरलँडोजवळ अशा एका केंद्रात २०१८ मध्ये २२ वर्षांचा एक तरुण विधींच्या दरम्यान कोसळला आणि पुढे दगावला. मदत मागवायला उशीर केल्याचा आरोप त्या केंद्रावर झाला आणि २०२४ मध्ये ज्यूरीने त्याच्या कुटुंबाला दीड कोटी डॉलर भरपाई देण्याचा निर्णय दिला. त्या केंद्राचा सूट मागणारा अर्ज डीईएने २०२१ मध्येच फेटाळला होता आणि तो फेटाळणे योग्य होते, असे माझे मत आहे. पण यातून काय निष्पन्न होते, ते पाहा. अर्ज फेटाळल्यानेही केंद्र चालायचे थांबले नाही. ज्यांच्याकडे नियम, आरोग्याची चौकशी आणि नोंदी आहेत अशांना मान्यता आणि ज्यांच्याकडे त्या नाहीत त्यांना टाळे, असा फरक करण्याची यंत्रणाच नसेल, तर चोर सोडून संन्याशाला फाशी हेच घडत राहणार. दारूबंदीच्या काळातही या देशाने चर्च आणि सिनेगॉग यांच्या विधींसाठी वाइनला सूट ठेवली होती. तिचा गैरफायदा घ्यायला खोटे रब्बी उभे राहिले, म्हणून खऱ्या रब्बींची वाइन कोणी बंद केली नाही.

ब्राझीलने हे काम कसे केले, हेही पाहण्यासारखे आहे. १९८५ मध्ये त्या सरकारने मारीरीची वेल बंदीच्या यादीत टाकली. मग एक अभ्यासगट नेमला, तो थेट त्या पंथांच्या वस्त्यांत जाऊन आला आणि १९८७ मध्ये ती बंदी उठली. २०१० च्या ठरावाने तिथे चहाची विक्री, जाहिरात आणि त्याच्या नावाने पर्यटन यांना मनाई आहे. नव्या माणसाची आधी मुलाखत घेऊन आजारांची विचारपूस करायची आहे आणि वेली-झाडे पंथांनी स्वतः लावून वाढवायची आहेत. आपल्या निवेदनात यातले काहीच नाही. ते घालावे, अशी दुरुस्ती मी सुचवणार आहे.

सभेत कोणीतरी म्हणाले की हा आपला विषय नाही. यावर मला थोडे सविस्तर बोलायचे आहे.

ब्रिटिश सरकारने १८९३-९४ साली भारतात गांजा-भांग-चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता. त्या आयोगाच्या अहवालाला जोडलेले एक टिपण मुंबईचे जमीन महसूल, कस्टम्स आणि अफू या खात्यांचे कलेक्टर जे. एम. कॅम्पबेल यांनी लिहिले आहे. म्हणजे हुद्द्याने ते आजच्या डीईए अधिकाऱ्याचे पूर्वजच म्हणायचे. या गृहस्थांनी भांगेचे शिवाशी असलेले नाते, तिच्यावरची श्रद्धा आणि साधू-बैरागी यांचे आचार यांविषयी पाने भरून लिहिले आणि इतक्या पवित्र मानलेल्या वनस्पतीवर बंदी घातली तर लोकांना फार क्लेश होतील आणि साधूंचे जथे खोलवर दुखावतील, असा इशारा सरकारला दिला. आयोगानेही सरसकट बंदीची शिफारस केली नाही. १९८५ च्या भारतीय अमली पदार्थ कायद्यात भांगेची पाने आजही व्याख्येबाहेर आहेत. महाराष्ट्रात मात्र मुंबई दारूबंदी कायद्यामुळे भांगेलाही परवाना लागतो. महाशिवरात्रीला थंडाईचा पेला उचलताना यातले काही आपल्या मनातही येत नाही, कारण आपली बाजू मांडण्याचे काम सव्वाशे वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणीतरी करून ठेवले आहे.

गांजाचे तसे नाही. त्याला भारतीय कायद्यात धार्मिक सूट नाही. तरी २०१५ च्या सिंहस्थात मी त्र्यंबकेश्वरला गेलो होतो, तेव्हा आखाड्याच्या तंबूत एक नागा साधू ओल्या फडक्यात गुंडाळलेली चिलीम ओढत बसला होता आणि दोन हातांवर एक हवालदार पावसात छत्री सावरत उभा होता. दोघांचेही एकमेकांकडे लक्ष नव्हते. तेव्हा मला ते दृश्य गमतीचे वाटले होते. आज वाटते, ही डोळेझाक त्या साधूला मेळ्यापुरतीच तारते. तोच साधू महिन्याने एकटा एखाद्या रेल्वे स्टेशनवर सापडला, तर त्याच्याजवळ दाखवायला कोणताही कागद नाही. मेहेरबानी आणि हक्क यांत फरक असतो तो असा.

भारतातील न्यायालयांपुढे असे प्रश्न येतात, तेव्हा ती त्या प्रथेला धर्माचे 'अत्यावश्यक अंग' मानायचे की नाही, हे ठरवतात. १९५४ च्या शिरूर मठ निकालापासून ही परंपरा आहे. तिच्यामुळे न्यायाधीशांनाच धर्मशास्त्री व्हावे लागते आणि २००४ मध्ये आनंदमार्गींचे तांडवनृत्य त्यांच्या धर्माचे आवश्यक अंग नाही, असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. अमेरिकी कायदा निदान तत्त्वतः ग्रंथ उघडत नाही. समोरचा माणूस मनापासून बोलतो आहे की नाही, एवढेच विचारतो. माझ्या मते हा अधिक बरा प्रश्न आहे, आणि तो नीट विचारला जावा एवढ्यासाठीच हे निवेदन आहे. ऋग्वेदातील सोमाचा दाखला मात्र आपण यात आणू नये. सोम म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, यावर विद्वानांचे एकमत नाही आणि आपल्या बाजूला वजन यावे म्हणून वेद ओढून आणणे मला पटत नाही.

आणखी एक आठवण. आपल्या मंदिराच्या जागेसाठी नगरपालिकेच्या झोनिंग समितीपुढे आपण पाच सुनावण्या दिल्या. दिवाळीला गाड्या किती येतील, ढोल किती वाजेपर्यंत वाजतील, असे विचारले गेले आणि एका बाईंनी तर उदबत्तीच्या धुराने त्यांच्या मुलाचा दमा वाढेल, असे लेखी दिले. त्या रात्री पार्किंगमध्ये आपण किती संतापलो होतो! अखेर धार्मिक जागांना संरक्षण देणाऱ्या २००० सालच्या केंद्रीय कायद्याचा हवाला देणारे आपल्या वकिलाचे एक पत्र गेले आणि समितीचा सूर बदलला. सर्वोच्च न्यायालयात जिंकलेल्या त्याच 'वेजिताल' पंथाला २०११ मध्ये सांता फे काउंटीने मंदिर बांधायची परवानगी नाकारली. शेजाऱ्यांनी वाहतूक, पाणी आणि वस्तीचे ग्रामीण रूप यांचे आक्षेप घेतले होते. त्या लोकांनीही त्याच २००० च्या कायद्याखाली दावा लावला आणि पुढे तडजोड झाली. आपल्या वकिलाच्या पत्रात ज्या कायद्याचे नाव होते, तोच कायदा. तो टिकवण्यासाठी आणि घडवण्यासाठी झगडणाऱ्यांत हे चहावाले, पेयोटीवाले, कोंबड्या बळी देणारे, असेच 'विचित्र' लोक पुढे होते. मोठ्या धर्मांना न्यायालयात जाण्याची वेळ क्वचितच येते.

निवेदनाच्या मसुद्याविषयी माझी एक तक्रारही आहे. त्यात पेयोटीचा उल्लेख इतर वनस्पतींच्या रांगेत, सहज केला आहे. तो काढावा. पेयोटी अमेरिकेत फक्त दक्षिण टेक्ससमधील थोड्या पट्ट्यात उगवते, वाढायला दहा-दहा वर्षे घेते आणि तिची रोपे झपाट्याने कमी होत आहेत. १९९४ च्या कायद्याने ती मूळ रहिवासी जमातींच्या सभासदांपुरती मोकळी केली आहे आणि १९१८ मध्ये ओक्लाहोमात नोंदणी झालेल्या नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या लोकांना बाहेरच्यांनी तिच्यावर हात मारलेला नको आहे. ज्यांनी शतकभर छळ सोसून ती जपली, त्यांचे म्हणणे या बाबतीत शेवटचे मानावे.

तेव्हा माझी विनंती अशी आहे की निवेदन पुढील सभेत पुन्हा मांडावे आणि चार दुरुस्त्यांसह त्यावर सही करावी. ब्राझीलच्या धर्तीवर विक्री व जाहिरातीला मनाई आणि आरोग्याची पूर्वचौकशी यांची अट त्यात घालावी. पेयोटीचे वाक्य काढावे. श्रद्धेची तपासणी डायव्हर्जन विभागाकडे न ठेवता न्याय खात्यातील नागरी हक्कांचा अनुभव असलेल्या लोकांकडे द्यावी, असे सुचवावे. गोळ्या मोजण्याचे, म्हणजे साठा, आयात आणि नोंदी तपासण्याचे काम डीईएकडेच राहू द्यावे. आणि अर्ज विचाराधीन असताना केवळ अर्जात दिलेल्या माहितीवरून कोणावर खटला भरू नये, हे स्पष्ट लिहावे. सही केल्याने मंदिरात काही बदलणार नाही आणि आपल्या मुलांना कोणी चहा पाजणार नाही. ज्यांना तरीही सही नको आहे, त्यांनी कारणे सभेत सांगावीत. मी ऐकून घेईन आणि पटले तर दुरुस्ती मागे घेईन. फक्त या वेळी विषयाला चार मिनिटांहून अधिक वेळ द्यावा, म्हणून तो विषयपत्रिकेत वड्यांनंतर ठेवावा, असे मी सचिवांना कळवले आहे.

मूळ मसुदा आणि मी केलेले त्याचे मराठी भाषांतर यांच्या बारा प्रती मंदिराच्या वाचनालयात, पंचांगांच्या गठ्ठ्याशेजारी ठेवल्या आहेत. दुरुस्त्यांसाठी समास मोठा सोडला आहे. कृपया पेन्सिलने लिहावे.

आपला नम्र,
मंडळाचा एक जुना सभासद आणि निवृत्त फार्मसिस्ट